फ्लोटिंग एल्बो (मुलांमधील)

दंडाचे हाड कोपराच्या जरा वर मोडले आणि त्याच हाताच्या कोपर ते मनगट भागातली हाडेही मोडली, की कोपर दोन्हीकडून सुटे पडते. या दुहेरी दुखापतीला फ्लोटिंग एल्बो म्हणतात. स्टॅनिट्स्की आणि मिशेली या डॉक्टरांनी १९८० मध्ये मुलांच्या संदर्भात हे नाव रूढ केले. झाडावरून किंवा गच्चीवरून पडताना मूल हात ताठ टेकते, तेव्हा ही दुखापत होते.

सुजलेल्या कोपराकडेच सगळ्यांचे लक्ष जाते आणि मनगटाजवळचा मोड सुटतो. म्हणून एक्स-रेत कोपर आणि मनगट दोन्ही यायला हवीत. नाडी, बोटांचा रंग आणि नसा भूल देण्याआधीच तपासतात. अंगठा व तर्जनीची टोके जुळवून मुलाला गोल करता आला नाही, तर कोपरासमोरून जाणाऱ्या मज्जातंतूच्या एका शाखेला इजा झालेली असू शकते.

बहुधा आधी कोपर बसवतात. सी-आर्मखाली (शस्त्रक्रिया चालू असताना हाडे दाखवणारे एक्स-रे यंत्र), चीर न देता हाड जागेवर आणून त्वचेतून दोन-तीन के-वायर, म्हणजे धातूच्या बारीक ताठ तारा घालतात. खालची हाडे पूर्वी नुसत्या प्लास्टरमध्ये ठेवत. सूज वाढत असताना कोपर जास्त वाकवून घट्ट प्लास्टर घातले, तर आतला दाब वाढून स्नायूंचा रक्तपुरवठा तुटतो. म्हणून खालचा मोड सरकलेला असेल तर त्यालाही तार किंवा लवचीक खिळा घालून वरून सैल स्लॅब (एकाच बाजूने आधार देणारे अर्धे प्लास्टर) देणे अधिक सुरक्षित. हाडवैद्याची करकचून बांधलेली पट्टीही तितकीच घातक. असा रक्तपुरवठा तुटला की बोटे आखडून वाकतात; ही अवस्था जर्मन शल्यचिकित्सक फोल्कमान यांनी १८८१ मध्ये वर्णिली. लहान मूल ‘दाब वाढलाय’ असे सांगत नाही. ते बेचैन होते, रडते, वेदनाशामक पुन्हापुन्हा मागते, बोटे सरळ केली की किंचाळते. अशा वेळी प्लास्टर लगेच उघडतात. तेवढ्याने भागले नाही तर स्नायूंवरचे आवरण चिरावे लागते. हात पांढरा, थंड आणि नाडीविना असेल तर हाड तातडीने बसवतात. तरीही रक्त न आल्यास धमनी उघडून पाहतात.

मनगटाजवळचा थोडा वाकडेपणा वाढीच्या वयात बराचसा आपोआप सुधारतो. कोपराजवळ दंडाची वाढ जेमतेम २० टक्के होते, त्यामुळे तिथला तिरकेपणा कायम राहतो. तारा तीन-चार आठवड्यांनी बाह्यरुग्ण विभागातच काढतात. पुढे कोपर मुलाने स्वतःच हलवायचे. तेल लावून चोळणे आणि ओढून सरळ करणे टाळावे, त्याने सांधा अधिकच आखडतो.