काळी नदीवर पहिल्यांदा राफ्टिंगला निघण्यापूर्वी

आमच्याकडे नाव नोंदवायला येणारे बहुतेक ग्राहक सर्वांत आधी एकच प्रश्न विचारतात : पोहता येत नसेल तर राफ्टिंग करता येईल का? येईल. अंगात नीट बसलेले लाइफ जॅकेट पोहता न येणाऱ्यालाही पाण्यावर तरंगत ठेवते, आणि आम्ही नेतो त्या टप्प्यात प्रत्येक राफ्टवर प्रशिक्षित गाइड असतो. उलट, ज्यांना चांगले पोहता येते त्यांनाच एक सवय आधी विसरावी लागते. आपल्या भागात पोहणे बहुधा विहिरीत शिकले जाते. पाठीला वाळका भोपळा किंवा रिकामा डबा बांधून थोरल्या भावाने पाण्यात ढकलले, की चार दिवसांत हातपाय चालू लागतात. आणि दमल्यावर पायरी गाठायची व पाय टेकून उभे राहायचे, हे तेव्हापासून अंगात मुरते. विहिरीचे पाणी उभे असते, म्हणून तेथे ही सवय चालून जाते. धावत्या पाण्यात मात्र तीच घातक ठरते. तसे का, हे पुढे सविस्तर लिहिले आहे. हे माहितीपत्रक घाईत वाचणाऱ्यांनी निदान तेवढा भाग वगळू नये, ही विनंती.

पाणी कोठून येते आणि वेळ का पाळावी

काळी नदी जोयडा तालुक्यात डिग्गीजवळ उगम पावते आणि कारवारजवळ समुद्राला मिळते. गणेशगुडी येथे तिच्यावर १०१ मीटर उंचीचे सुपा धरण आहे. जुने सुपा गाव याच धरणाच्या पाण्याखाली गेले आणि तालुक्याचे ठाणे जोयड्याला आले, हे आपल्याकडच्या जुन्या मंडळींना ठाऊक असेल. धरणाच्या पायथ्याशी प्रत्येकी ५० मेगावॅटचे दोन वीजसंच आहेत. ते चालू होतात तेव्हा सोडलेले पाणी खालच्या पात्रात येते, आणि राफ्ट खडकांना न घासता पुढे जाण्याइतकी खोली तेव्हाच मिळते.

आपल्याच खानापूर तालुक्याच्या जंगलात उगम पावणाऱ्या म्हादईवर गोव्यातील सत्तरी भागात पावसाळ्यात राफ्टिंग चालते, ते पावसाच्या भरवशावर. काळीवरचे राफ्टिंग पावसाळा सरल्यावर सुरू होते, ते विजेच्या मागणीच्या भरवशावर. त्यामुळे राफ्ट पाण्यात केव्हा उतरवायची हे आमच्या हाती नसते. कधी ठरलेल्या वेळेपेक्षा दोन तास थांबावे लागते, तर क्वचित फेरी रद्दही करावी लागते. तसे झाल्यास आम्ही दुसरी तारीख देतो किंवा पूर्ण रक्कम परत करतो. परंतु पाणी सुटले असताना आपण पोहोचला नसाल, तर आपल्यासाठी ते थांबत नाही. बेळगावहून खानापूर, लोंढा, रामनगर या मार्गाने गणेशगुडी गाठायला सुमारे अडीच तास लागतात. गाडी पहाटे ठरल्या वेळी सुटेल आणि लोंढ्याला चहासाठी एकदाच थांबेल, हे सर्वांनी गृहीत धरावे.

याच कारणासाठी आणखी एक गोष्ट. नदीकाठी पोहोचल्यावर पात्र अर्धे कोरडे दिसते आणि मधल्या खडकांवर जाऊन छायाचित्र काढण्याचा मोह होतो. तसे करू नये. संच चालू झाले की पाणी पाहता पाहता चढते आणि मधला खडक बेट होऊन बसतो.

धावत्या पाण्याच्या अवघडपणाच्या पहिली ते सहावी अशा सहा श्रेणी जगभर मानल्या जातात. आम्ही नेतो तो टप्पा मुख्यतः दुसऱ्या आणि तिसऱ्या श्रेणीचा आहे. म्हणजे लाटा अंगावर येतात, राफ्ट चांगली उसळते, पण वाट मोकळी असते आणि सर्वांनी मिळून वल्हे मारले तर ती सहज साधते. चौदा वर्षांखालील मुलांना आम्ही लांबच्या टप्प्यावर नेत नाही. त्यांच्यासाठी, तसेच ज्यांच्या मनात धाकधूक आहे अशा मोठ्यांसाठी, छोटा टप्पा आहे, आणि तो निवडण्यात कमीपणा मुळीच नाही.

काय घालावे, काय घरी ठेवावे

जलाशयाच्या खोल भागातून येणारे पाणी एप्रिलच्या उन्हातही गार असते. पहिल्याच शिपक्याला अंगावर काटा येतो. म्हणून लवकर वाळणारे, अंगासरशी बसणारे कपडे घालावेत : खेळाचा टी-शर्ट, लेगिंग किंवा थ्री-फोर्थ. जीन्स पूर्णपणे टाळावी, कारण ती भिजली की जड होते आणि तासभर गार राहते. साडी, ओढणी, लुंगी असे मोकळे लोंबणारे वस्त्र राफ्टवर चालत नाही. पायांत टाचेमागे पट्टा असलेले सँडल किंवा नाडीचे जुने बूट असावेत. साध्या चपला पहिल्याच लाटेत वाहून जातात आणि मग खडकाळ काठावर अनवाणी चालण्याची पाळी येते. चष्मा असल्यास दोन्ही काड्यांना मागून इलास्टिक बांधावे.

दागिन्यांचा विषय नाजूक आहे, तरी तो टाळून चालणार नाही. अंगठ्या, बांगड्या व जोडवी काढून ठेवावीत, कारण दोरी धरताना त्या अडकतात आणि गार पाण्यात सैल झालेली अंगठी नदीला अर्पण होते. लांब मंगळसूत्र जॅकेटच्या बकलात किंवा शेजारच्याच्या हातात गुंतू शकते. ते काढण्याची इच्छा नसेल तर त्या दिवसापुरते गळ्याबरोबर बसणारे छोटे मंगळसूत्र घालून ते कपड्याच्या आत ठेवावे. मोबाइल व गाडीची किल्ली आमच्या गाडीतील कुलपाच्या पेटीत ठेवता येईल.

न्याहारी पाण्यात उतरण्यापूर्वी दोन तास आधी करावी आणि ती हलकी असावी. पोहे, उप्पीट, इडली उत्तम. मिसळ परतीच्या वाटेवर खावी. आदल्या रात्री उशिरापर्यंत मद्यपान केलेल्या किंवा सकाळी मद्याचा वास येत असलेल्या ग्राहकाला राफ्टवर घेतले जात नाही आणि त्याची रक्कमही परत मिळत नाही. या नियमाला आम्ही ओळखीपाळखीतही अपवाद केलेला नाही.

जॅकेट आणि हेल्मेट

बहुतेकांना जॅकेट सैल असावेसे वाटते, कारण घट्ट केले की श्वास कोंडल्यासारखा होतो. सुरुवातीची पाच मिनिटे तसे वाटणारच. माणसाचे शरीर पाण्यात फारसे जड नसते आणि जॅकेट त्याला सहज उचलून धरते. पण जॅकेट सैल असेल तर पाणी माणसाला उचलण्याऐवजी जॅकेटलाच वर उचलते आणि ते कानापर्यंत चढून तोंडासमोर येते. म्हणून गाइड आपल्यासमोर उभा राहून दोन्ही खांद्यांच्या पट्ट्यांखाली अंगठे घालतो आणि जॅकेट जोराने वर ओढतो. ते हनुवटीपर्यंत आले तर बाजूचे पट्टे पुन्हा आवळतो. ही ओढाताण उद्धटपणाची वाटू नये. ती तपासणी आहे.

आमच्या सुरुवातीच्या काळात ही तपासणी आम्ही केवळ तळावर करीत असू. एका फेरीत एका ग्राहकाने छायाचित्रासाठी मधेच दोन बकले सोडली, ती लावायची राहिली आणि पुढच्याच रॅपिडमध्ये, म्हणजे खडकांवरून उसळत धावणाऱ्या पाण्यात, ते राफ्टबाहेर पडले. जॅकेट वर सरकले, नाकातोंडात पाणी गेले. गाइडने फेकलेली दोरी त्यांच्या हाती लागली म्हणून प्रकरण खोकल्यावर निभावले. चूक आमची होती. तेव्हापासून दुसरी तपासणी राफ्टवर बसल्यानंतर होते आणि त्यानंतर बकलांना हात लावायची कोणालाही मुभा नाही.

हेल्मेट कपाळावर, भुवयांच्या किंचित वर बसावे. मागे सरकवलेल्या हेल्मेटमुळे कपाळ उघडे पडते.

राफ्टवर

राफ्टच्या आत बसायचे नसते. काठाच्या फुगीर नळीवर बसून पुढचा पाय तळाशी असलेल्या खोबणीत घट्ट अडकवायचा असतो, आणि तोल पायांवर सांभाळायचा असतो. वल्ह्याच्या वरच्या टोकाला आडवी मूठ असते. तिच्यावरचा हात कोणत्याही परिस्थितीत सुटता कामा नये. आमच्या अनुभवात खडकापेक्षा या सुटलेल्या मुठीनेच शेजाऱ्याच्या नाकाला आणि दातांना अधिक प्रसाद मिळतो.

एका राफ्टवर मराठी, कन्नड, कोकणी आणि हिंदी बोलणारे एकत्र असतात, म्हणून हुकूम सर्वांना कळतील असे ठरीव आहेत. ‘फॉरवर्ड’ म्हटले की पुढे वल्हवायचे, ‘बॅक’ म्हटले की उलट, ‘स्टॉप’ म्हटले की वल्हे पाण्याबाहेर. ‘गेट डाउन’ ऐकताच राफ्टच्या तळाशी बसून कडेची दोरी धरायची. ‘हाय साइड’ हा हुकूम क्वचित येतो, पण आला तर विचार करायला वेळ नसतो : राफ्ट खडकावर आडवी अडकली की सर्वांनी खडकाच्या बाजूला झेपावायचे, म्हणजे पाण्याकडची बाजू दबून आत पाणी शिरत नाही. पुढे बसलेले दोघे ज्या लयीत वल्हवतात, तीच मागच्यांनी धरायची. लाट समोर आली की नवखे वल्हवायचे थांबतात आणि डोळे मिटतात; नेमके तेव्हाच वल्हे पाण्यात हवे, कारण वेग गेलेली राफ्ट लाटेत आडवी होते.

पाण्यात पडल्यास

पहिला नियम : उभे राहू नका. पाणी गुडघ्याएवढे दिसले तरी उभे राहू नका. नदीच्या तळाशी खडकांच्या फटी असतात. वाहत्या पाण्यात पाय टेकला आणि तो फटीत अडकला, की मागून येणारे पाणी शरीराला पुढे दाबते. पाय निघत नाही आणि माणूस पाठीवरच्या दाबाने तोंडावर आडवा होतो. कमरेएवढ्या पाण्यातही अशाने जीव जाऊ शकतो. पाण्याचा वेग दुप्पट झाला की त्याचा रेटा चौपट होतो, त्यामुळे अंगात ताकद आहे हा भरवसा येथे उपयोगी पडत नाही.

म्हणून पाण्यात पडताच उताणे व्हावे, पाय प्रवाहाच्या दिशेने पुढे ठेवावेत आणि पायांची बोटे पाण्यावर दिसतील इतके ते वर उचलावेत. समोर खडक आला तर तो पायांना लागतो, डोक्याला नाही. हातांनी वल्हवत दिशा सांभाळावी. लाट तोंडावर फुटताना श्वास रोखावा आणि दोन लाटांच्या मधल्या खळग्यात तो घ्यावा. पात्रात पडलेले झाड किंवा फांद्यांची जाळी दिसली तर मात्र उताणे न राहता पालथे होऊन जोर लावून बाजूला पोहावे, कारण पाणी फांद्यांतून निघून जाते आणि माणूस तेथेच अडकतो.

गाइड दोरी पिशवीत भरून फेकतो; ती आली तर पिशवी न धरता दोरी धरावी, ती खांद्यावर घेऊन पुन्हा उताणे व्हावे. मनगटाला ती कधीही गुंडाळू नये. राफ्ट उलटली आणि आपण तिच्याखाली आलात तर आत श्वासापुरती हवा असते. हात वर लावून एकाच दिशेने सरकत गेले की दोनतीन हातांत कड लागते. कोणाला आत ओढायचे झाल्यास त्याचे हात न धरता जॅकेटचे खांद्यावरचे पट्टे धरून ओढावे.

मगरींबद्दल विचारले जाते. काळीत मगरी आहेत, मुख्यतः दांडेलीकडच्या संथ पाण्यात. आपण फक्त गाइड सांगेल तेथेच पाण्यात उतरावे. परतताना वाटेत दिसलेल्या एखाद्या निवांत डोहात पाय सोडून बसण्यासाठी गाडी थांबवली जाणार नाही.

प्रकृती आणि नोंदणीपत्र

हृदयविकार, फेफरे, मणक्याचा त्रास, अलीकडची शस्त्रक्रिया किंवा गर्भारपण असल्यास राफ्टिंग करू नये. दमा असणाऱ्यांनी आपला पंप गाइडकडे द्यावा. तो त्याच्या पाणी न शिरणाऱ्या पिशवीत राहील. मधुमेह किंवा रक्तदाबाच्या गोळ्या चालू असतील तर डॉक्टरांना विचारून यावे आणि तसे आम्हाला सांगावे. सोबत आलेल्यांसमोर सांगायचे नसेल तर आदल्या दिवशी फोन करावा. ती माहिती केवळ गाइडला दिली जाते.

सोबतचे नोंदणीपत्र मराठी आणि कन्नड अशा दोन्ही भाषांत आहे. आजाराचा रकाना कोरा सोडू नये. काही त्रास नसल्यास ‘नाही’ असे लिहून त्यापुढे सही करावी.