दीपगृहावरची मांजरे : न्यूझीलंडमधील एका वादाची पार्श्वभूमी

पाळीव मांजरांना घराबाहेर मोकळे सोडावे की नाही, यावर न्यूझीलंडमध्ये आज जितक्या तीव्रतेने वाद होतो तितका तो फार थोड्या देशांत होत असेल. या वादाची मुळे शोधत गेल्यास आपण कुक सामुद्रधुनीतील एका खडकाळ बेटापाशी येऊन पोहोचतो. स्टीफन्स बेट हे त्याचे इंग्रजी नाव असून माओरी लोक त्याला टाकापोरेवा म्हणतात. बेटाचे क्षेत्रफळ जेमतेम दीड चौरस किलोमीटर आहे. जानेवारी १८९४ मध्ये तेथे दीपगृह सुरू झाले, रखवालदार बायकामुलांसह राहायला आले आणि त्यांच्यापाठोपाठ बेटावर मांजरही आले.

त्या वेळी बेटावर चिमणीहून लहान, जवळजवळ शेपूट नसलेला, तपकिरी रंगाचा एक पक्षी राहत होता; बेटावरून त्याला पुढे ‘स्टीफन्स आयलंड रेन’ म्हटले गेले. त्याचे पंख इतके आखूड होते की त्याला उडता येत नसे. डेव्हिड लायल या साहाय्यक रखवालदाराने तो जिवंत पाहिला होता आणि तो खडकांमधून उंदरासारखा धावतो, असे त्याने नोंदवून ठेवले आहे. हा पक्षी जगाच्या नजरेस आला तोच मांजराने मारून आणलेल्या नमुन्यांमुळे. लायलने ते जपून ठेवले. त्यांपैकी एक बोटीवरच्या एका अभियंत्यामार्फत न्यूझीलंडमधील पक्षितज्ज्ञ वॉल्टर बुलर यांच्याकडे गेला, तर हेन्री ट्रॅव्हर्स या नमुन्यांच्या व्यापाऱ्याने नऊ पक्षी इंग्लंडमधील धनाढ्य संग्राहक वॉल्टर रॉथशील्ड यांना विकले. नव्या जातीला नाव देण्याचा मान कोणाला मिळावा यासाठी बुलर आणि रॉथशील्ड यांच्यात चढाओढ लागली आणि रॉथशील्ड यांचे वर्णन आधी छापले गेले. त्यांनी दिलेल्या ‘ट्रॅव्हर्सिया लायली’ या शास्त्रीय नावात ट्रॅव्हर्स आणि लायल हे दोघेही आहेत. ज्या बेटावर हा पक्षी शेवटचा तग धरून होता, त्याच्या रक्षणाची तजवीज मात्र या सगळ्या धावपळीत कोणीही केली नाही, हे वाचताना आजही मन विषण्ण होते.

पुढे ही हकीकत ‘एका मांजराने एक अख्खी जात संपवली’ अशा स्वरूपात जगभर पसरली आणि त्या मांजराला टिबल्स असे नावही चिकटले. २००४ मध्ये रॉस गॅलब्रेथ आणि डेरेक ब्राउन या अभ्यासकांनी जुनी कागदपत्रे तपासून ही कथा दुरुस्त केली. बेटावर एकच मांजर नव्हते. गाभण मांजरीची पिल्ले रानात पसरली, वाढली आणि काही वर्षांतच तेथे रानमांजरांची मोठी संख्या झाली. पुढे आलेल्या एका मुख्य रखवालदाराने अवघ्या काही महिन्यांत शंभराहून अधिक मांजरे गोळ्या घालून मारली, यावरून त्या संख्येची कल्पना येते. शिवाय दीपगृहाच्या वस्तीसाठी आणि गुरांसाठी रान तोडले जात होते, आणि संग्राहकांना विकण्यासाठीही पक्षी गोळा केले जात होते.

त्याहून मागे गेले की चित्र आणखी बदलते. या पक्ष्याची हाडे न्यूझीलंडच्या दोन्ही मोठ्या बेटांवर सापडली आहेत, म्हणजे तो एके काळी देशभर होता. वटवाघळे वगळता जमिनीवरचे एकही सस्तन प्राणी नसलेल्या या भूमीत पक्ष्यांना जमिनीवरून येणाऱ्या शत्रूची ओळखच नव्हती. पॉलिनेशियन दर्यावर्दींबरोबर आलेल्या उंदराने मुख्य भूमीवरून या पक्ष्याला हुसकावले आणि उंदीर न पोहोचलेल्या एका बेटावर तो उरला. मांजराने शेवटचा घाव घातला हे खरे, पण तोवर त्या जातीला पळून जायला दुसरी जागा उरली नव्हती, हे विसरून चालणार नाही.

क्राइस्टचर्चच्या ‘द प्रेस’ या वृत्तपत्राने १६ मार्च १८९५ रोजीच हा पक्षी आता बेटावर उरला नसावा, असे लिहिले. दुर्मीळ पक्षी असलेल्या बेटांवर रखवालदार पाठवताना त्यांना मांजर नेऊ देऊ नये, त्यासाठी उंदरांचे सापळे सरकारी खर्चाने पुरवावे लागले तरी चालतील, अशी सूचनाही त्यात होती. पाळीव मांजरावर वन्यजीवांसाठी बंधन घालावे हा विचार इतक्या लवकर आणि इतक्या व्यवहारी शब्दांत मांडला गेला, ही गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. टाकापोरेवावरची शेवटची मांजरे संपायला १९२५ साल उजाडले. तुआतारा हा प्राचीन वंशाचा सरीसृप तेथे वाचला, आणि आज त्याची जगातील सर्वांत मोठी वस्ती याच बेटावर आहे.

यानंतरचा इतिहास मुख्यतः बेटे मांजरमुक्त करण्याचा आहे. स्टुअर्ट बेटावर १९७७ मध्ये काकापो या न उडणाऱ्या पोपटांची वस्ती सापडली, पण रानमांजरे त्यांना झपाट्याने मारत असल्याचे लक्षात आल्यावर उरलेले पक्षी पकडून मांजर नसलेल्या बेटांवर हलवावे लागले. त्यांतले एक, हाउतुरू ऊर्फ लिटल बॅरियर बेट, १९८० मध्येच मांजरमुक्त झाले होते. तेथे एक अनपेक्षित गोष्ट घडली. मांजरांचा वचक गेल्यावर उंदीर माजले आणि बिळात अंडी घालणाऱ्या कुक्स पेट्रेल या समुद्रपक्ष्याची पिल्ले जगण्याचे प्रमाण उलट घसरले. २००४ मध्ये उंदीरही काढून टाकल्यावरच ते सुधारले. म्हणून केवळ मांजराला खलनायक ठरवून काम भागत नाही, तर कोणता शिकारी कोणाला आवर घालतो याचा हिशेब आधी मांडावा लागतो.

राजधानी वेलिंग्टनमध्ये हाच प्रश्न आता थेट घरांच्या परसात आला आहे. शहराच्या कुशीतील झीलँडिया या अभयारण्याभोवती सुमारे साडेआठ किलोमीटर लांबीचे कुंपण १९९९ मध्ये पूर्ण झाले. त्याच्या माथ्यावर बाहेर वळलेला गुळगुळीत पत्रा आहे, त्यामुळे जाळीवर चढलेल्या मांजराला वर पंजा रोवायला जागा मिळत नाही. कुंपण मांजराला रोखते, पक्ष्यांना नाही. आत वाढलेले काका नावाचे पोपट आणि तुई पक्षी उडून शेजारच्या वस्त्यांत येतात, आणि तिथल्या घरोघरी मांजरे आहेत. महापालिकेने २०१६ मध्ये बारा आठवड्यांहून मोठ्या प्रत्येक पाळीव मांजराच्या कातडीखाली मायक्रोचिप बसवणे बंधनकारक करणारा नियम केला, जेणेकरून पाळीव आणि बेवारशी मांजर वेगळे ओळखता यावे. २०१८ मध्ये ओमाऊई या दक्षिणेकडील छोट्या गावात नवी मांजरे पाळण्यास मनाई करण्याचा प्रस्ताव आला, तेव्हा त्याची चर्चा जगभर झाली.

मांजराला पोटभर खायला घातले की ते शिकार करत नाही, हा समज आपल्याकडेही आहे. वस्तुस्थिती अशी की शिकारीची ऊर्मी भुकेवर पूर्णपणे अवलंबून नसते. तरीही आहाराचा परिणाम होतो. इंग्लंडमधील एक्सेटर विद्यापीठाच्या संशोधकांनी २०२१ मध्ये दाखवून दिले की मांसातील प्रथिनांचे प्रमाण जास्त असलेला आहार दिल्यास मांजरे घरी आणत असलेली शिकार ३६ टक्क्यांनी कमी होते, आणि रोज पाच-दहा मिनिटे दोरीला बांधलेल्या पिसांसारख्या खेळण्यामागे त्यांना धावायला लावल्यास ती २५ टक्क्यांनी घटते. रंगीबेरंगी कापडी पट्टा गळ्यात घातल्यास पक्ष्यांना मांजर दुरून दिसते आणि पक्ष्यांची शिकार ४२ टक्क्यांनी कमी होते, मात्र उंदरांच्या शिकारीत त्याने फरक पडत नाही. अर्थात हे उपाय मालक असलेल्या मांजरांपुरतेच आहेत. मालकाने टाकून दिलेल्या आणि रानात जन्मलेल्या मांजरांपर्यंत ते पोहोचत नाहीत, आणि न्यूझीलंडमध्ये आज खरा पेच याच मांजरांचा आहे.