झेडपी शाळेत खेळाचं सामान अन् मैदान: पैसे कुठून भेटतात, कागद कोणते लागतात

मागच्या मीटिंगमध्ये एका पालकाने सरळ विचारलं, खेळासाठी पैसे येतात म्हणता नं, मग पोरं पाण्याच्या बाटलीने फुटबॉल काऊन खेळून राहिले? कपाट उघडलं तर आत एक पिचकलेला व्हॉलीबॉल, दोन लेझीम अन् खालून उधईने खाल्लेला खो-खोचा खांब. शाळा व्यवस्थापन समितीवर माझी ही दुसरी टर्म आहे, तर जे धक्के खाऊन समजलं ते इथं लिहून टाकतो.

पहिली गोष्ट, सामानाचे पैसे वेगळ्या दारातून येतात अन् मैदानाचे वेगळ्या. हे दोन्ही एकाच अर्जात टाकले की फाईल फिरत राहते.

सामानासाठी समग्र शिक्षा या केंद्र-राज्याच्या शालेय योजनेतून क्रीडा अनुदान असते. प्राथमिक शाळेला वर्षाला 5,000 रुपयांपर्यंत, उच्च प्राथमिकला 10,000 पर्यंत. हे सरकारी शाळांसाठी आहे, म्हणजे जिल्हा परिषद, नगर परिषद वगैरे, विनाअनुदानित खाजगी शाळेने याच्या मागे लागू नये. आणि यासाठी अर्जच नसतो! लोक अर्जाचा नमुना शोधत बसतात, पण खरा अर्ज म्हणजे यू-डायस प्लसवर (शाळांची माहिती भरायचं सरकारी पोर्टल) भरलेली माहिती. 30 सप्टेंबरची पटसंख्या, मैदान आहे की नाही, खेळाचं साहित्य आहे की नाही, हे सगळं शाळेच्या 11 अंकी यू-डायस नंबरवर चढते. म्हणून मुख्याध्यापकाला म्हणा, सर, फॉर्म लॉक करायच्या आधी मैदानाचा रकाना एकदा समितीला वाचून दाखवा.

याच्याशिवाय संयुक्त शाळा अनुदान असते, पट 30 पर्यंत असला तर 10,000, 31 ते 100 ला 25,000, 101 ते 250 ला 50,000. त्यातले किमान 10 टक्के स्वच्छतेवर जातात, वीजबिल अन् खडूही त्यातूनच, पण खेळाच्या सामानाची किरकोळ दुरुस्ती त्यात बसवता येते.

आता खर्च कसा करायचा, इथंच सगळे फसतात. आधी समितीचा ठराव, मग तीन दरपत्रकं, मग खरेदी, जीएसटीचं पक्कं बिल, साठा नोंदवहीत नोंद, किर्दीत (जमाखर्चाच्या वहीत) नोंद, पेमेंट पीएफएमएसवरून (सरकारी पैशाची ऑनलाइन व्यवस्था) थेट दुकानदाराच्या खात्यात, अन् शेवटी उपयोगिता प्रमाणपत्र, म्हणजे पैसे त्याच कामावर खर्च झाले याचा दाखला. हा क्रम उलटा झाला की संपलं. आम्ही एका वर्षी मार्चच्या शेवटच्या आठवड्यात घाईघाईत सामान आणलं, ठराव नंतर लिहू म्हटलं, अन् बिलाची तारीख ठरावाच्या चार दिवस आधीची निघाली. फाईल परत आली, 31 मार्च उलटला, पैसे गेले, अन् दुकानदार मात्र रोज फोन करे.

घ्यायचं काय? दुकानदार क्रिकेटची किट दाखवते, पण ती घेऊ नका. किटमध्ये एका वेळी दोघं खेळतात अन् बाकीचे वीस उभे राहतात. त्यापेक्षा दोऱ्या, रिंगा, लगोरीचे सेट, तीन-चार रबरी बॉल, बॉलचा पंप (पंप सगळे विसरतात, मग बॉल कपाटात मरतो), खो-खोचे खांब लोखंडी घ्या. कबड्डीला तर चुना पुरतो, लहान पोरांचं मैदान 11 बाय 8 मीटर आखलं की झालं.

मैदानाचं काम मोठं आहे. त्यासाठी जिल्हा क्रीडा अधिकारी कार्यालयात क्रीडांगण विकास अनुदान योजना असते, पैसे जिल्हा वार्षिक योजनेतून येतात. सपाटीकरण, धावपट्टी, कुंपण, पिण्याचं पाणी अशी कामं त्यात बसतात. मर्यादा शासन निर्णयाने बदलत असते, म्हणून चालू वर्षाचा नमुना त्याच ऑफिसातून घ्या, झेरॉक्सवाल्याकडचा जुना नको. जिल्हा परिषद शाळेचा प्रस्ताव गटशिक्षणाधिकाऱ्यांच्या पत्रासह पाठवा.

कागद: जागेचा सातबारा, जागा गावठाणात असली तर ग्रामपंचायतीचा नमुना 8 चा उतारा, मोजणीचा नकाशा, बांधकाम विभागाच्या इंजिनिअरचं अंदाजपत्रक, समितीचा अन् ग्रामपंचायतीचा ठराव, जागेचे फोटो, पटसंख्येचा दाखला. खाजगी अनुदानित शाळेला वरून संस्थेचं नोंदणी प्रमाणपत्र अन् ऑडिट रिपोर्ट.

यातला जीव घेणारा कागद म्हणजे जागेचा. आपल्या वऱ्हाडात कितीतरी शाळांची पोरं ज्या जागेवर खेळतात ती ई-क्लास (सरकारी चराईची) जमीन असते, शाळेच्या नावावर नसते, एका बाजूने कोणीतरी ढोरांचा गोठा सरकवत आणलेला असते, अन् गावात सगळे म्हणतात, "शाळेचीच तं आहे बा." कागदावर ती सरकारची आहे. तलाठ्याकडून (आता ग्राम महसूल अधिकारी म्हणतात त्यांना) उतारा काढून तहसीलदारामार्फत जागा मागायचा प्रस्ताव आधी टाका, मैदानाचा नंतर. याला वेळ लागते, म्हणून पावसाळ्यातच सुरू करा. आणि अंदाजपत्रकात मुरूम धरलाच पाहिजे. काळ्या मातीवर नुसतं सपाटीकरण केलं तर पहिल्या पावसात चिखल अन् उन्हाळ्यात पाय जाईल एवढ्या भेगा.

छोटं काम असलं तर ग्रामपंचायतीच्या विकासकामांच्या आराखड्यात टाकून घ्या, वित्त आयोगाच्या अबंधित निधीतून (ज्याचं काम आधीच ठरवून दिलेलं नसते) होऊ शकते. पण आराखड्यात नाव नसलं तर सरपंच इच्छा असूनही काही करू शकत नाही, म्हणून 2 ऑक्टोबरच्या ग्रामसभेला पाच-सहा पालक तरी घेऊन जा.

क्रीडा शिक्षकाचं विचाराल तर आरटीई (शिक्षण हक्क) कायद्यात सहावी ते आठवीत शंभरावर मुलं असली तरच अर्धवेळ निदेशक (खेळ शिकवणारा) आहे, पहिली ते पाचवीला वेगळा माणूस नाहीच. अमरावतीचं हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ 1914 पासून आहे, 1936 ला बर्लिन ऑलिम्पिकमध्ये आपले देशी खेळ दाखवून आलं, अन् त्याच विदर्भात पीटीचा तास गणिताचे मास्तर घेतात. गावातला एखादा बीपीएड (शारीरिक शिक्षणाची पदवी) झालेला पोरगा आठवड्यातून दोन दिवस येत असेल तर समितीच्या ठरावाने बोलवा, हजेरीची वही ठेवा.

ठराव लिहिताना "खेळाचे साहित्य घेण्यात यावे" एवढंच लिहू नका, ते परत येते. असं लिहा: "इयत्ता 1 ते 5 च्या मुलामुलींसाठी दोरी 20, रिंग 10, रबरी बॉल 4, पंप 1, क्रीडा अनुदानाच्या मर्यादेत, तीन दरपत्रकांतील सर्वात कमी दराने घेण्यास समिती मंजुरी देत आहे." खाली सगळ्यांच्या सह्या त्याच दिवशी घ्या, दुसऱ्या दिवशी माणसं वावरात जातात.