ड्रॅगन मारणारं क्रियापद

एल्फ, बुटके, जादूगार आणि जाडजूड तीन-तीन खंडांच्या फँटसी कादंबऱ्यांचा विषय निघाला की दोन मतं हमखास ऐकू येतात. एक म्हणजे, फँटसी लिहायला काय लागतं, मनाला येईल ते ठोकून द्यायचं. दुसरं म्हणजे, हे सगळं त्यांनी आपल्याच पुराणांतून उचललंय. दुसऱ्या मताला तर फॅमिली ग्रुपवर भरपूर फुलंही पडतात. या साहित्यामागे एक कडक शिस्तीचं शास्त्र आहे, हे मात्र दोन्हीकडच्या मंडळींच्या गावी नसतं.

'द लॉर्ड ऑफ द रिंग्ज' ही गाजलेली फँटसी लिहिणाऱ्या जे. आर. आर. टॉल्किन (१८९२–१९७३) याचा पोटापाण्याचा धंदा शब्दांचा होता. पहिल्या महायुद्धातून परतल्यावर १९१९–२० मध्ये तो ऑक्सफर्ड इंग्रजी कोशाच्या कामावर होता आणि डब्ल्यू अक्षराच्या शब्दांच्या व्युत्पत्त्या लावत बसायचा. 'वॉलरस' या एका शब्दापायी त्याने कितीतरी खर्डे केले. मग लीड्सला अध्यापन, १९२५ पासून ऑक्सफर्डला अँग्लो-सॅक्सनचा, म्हणजे जुन्या इंग्रजीचा प्राध्यापक. 'द हॉबिट' आलं १९३७ मध्ये आणि 'द लॉर्ड ऑफ द रिंग्ज' १९५४–५५ मध्ये. ही पुस्तकं त्या नोकरीच्या कुशीतच वाढली.

त्याचा विषय तौलनिक भाषाशास्त्र. संस्कृत, ग्रीक आणि लॅटिन एकाच उगमातून आल्या असाव्यात, असं विल्यम जोन्सने १७८६ मध्ये कलकत्त्याच्या एशियाटिक सोसायटीत मांडलं. हे नातं नियमात बसवून दाखवण्याचं मोठं काम याकोब ग्रिमने १८२२ मध्ये केलं. परीकथा गोळा करणाऱ्या दोन भावांपैकी थोरला, तोच हा ग्रिम. म्हणजे ध्वनिनियम आणि राक्षस-पऱ्या हे पहिल्यापासूनच एका टेबलावर होते.

आता नियम म्हणजे काय ते बघू. मूळ भाषेत 'क' म्हणताना ओठांचा चंबू करून काढायचा एक वर्ण होता, त्याला सोयीसाठी 'क्व' म्हणू. ही भाषा कुणी लिहून ठेवलेली नाही. वंशज भाषांवरून मागे मोजत ती काढलेली आहे, आणि अशा काढलेल्या शब्दांच्या आधी अभ्यासक एक तारा छापतात. या 'क्व'चं प्रत्येक घरात वेगळं झालं. लॅटिनने तो जवळपास तसाच ठेवला. वेल्शमध्ये ओठांची सरशी झाली आणि 'प' आला. ग्रीकमध्ये पुढचा स्वर बघून कधी 'त', कधी 'प'. संस्कृतात ओठांचा भाग गळून 'क' उरला, पण पुढे 'ए' किंवा 'इ' असेल तर जीभ पुढे सरकून त्याचा 'च' झाला. म्हणून चार हा आकडा लॅटिनमध्ये क्वात्तुओर, वेल्शमध्ये पेदवार, ग्रीकमध्ये तेत्तारेस आणि संस्कृतात चत्वारः. कानाला यातला पहिला वर्ण कुठेच सारखा लागत नाही. तरी नातं पक्कं, कारण हाच फरक शब्दामागून शब्दांत तसाच भेटत राहतो.

इथे चाणाक्ष वाचक हात वर करेल. चत्वारःमध्ये 'च'पुढे तर 'अ' आहे, तुमचा 'ए' कुठाय? होता. संस्कृतच्या पूर्वज भाषेत मूळचे ऱ्हस्व ए आणि ओ दोन्ही 'अ'मध्ये विरून गेले, पण त्याआधी 'ए' आपलं काम उरकून गेला होता. गुन्हेगार पसार, ठसे मागे. संस्कृत शिकताना कृ–चकार, गम्–जगाम, हन्–जघान ही रूपं ज्यांनी घोकली असतील त्यांनी हे ठसे रोज पाहिले आहेत. द्वित्व होताना, म्हणजे धातूची सुरुवात दोनदा येताना, पहिल्या 'क'चा 'च' आणि 'ग'चा 'ज' होतो. पाणिनीने त्यासाठी सूत्र दिलं, 'कुहोश्चुः'. का होतो, याचं उत्तर १८७० च्या दशकात युरोपात एकाहून अधिक अभ्यासकांच्या हाती लागलं. द्वित्वातला स्वर मुळात 'ए' होता आणि धातूतला 'ओ'. ग्रीकमध्ये ते आजही दिसतात, उदाहरणार्थ 'लेलोइपा' या रूपात ले आणि लो. तेव्हा चकारचं मूळ रूप साधारण 'क्वे-क्वोर-ए'. पहिल्या क्वपुढे ए, म्हणून च. दुसऱ्यापुढे ओ, म्हणून क. पाणिनीचं सूत्र आणि ग्रीक व्याकरण असे एकमेकांत चपखल बसताना बघणं, याच्याइतकं सुख मला कुठल्याच कोड्याने दिलेलं नाही.

उलट, दिसायला सारखं म्हणजे नातं, हा हिशेब साफ फसवा. आपल्या 'बदनाम'मधला फारसी 'बद' आणि इंग्रजी 'बॅड' यांचा अर्थ एक, आवाज जवळपास एक, नातं शून्य. संस्कृत 'देव'चं नातं लॅटिन 'देउस'शी आहे, पण ग्रीक 'थेओस'शी नाही. म्हणून कुणी 'व्हॅटिकन म्हणजे वाटिका' छापाची व्युत्पत्ती सांगायला लागला की विचारायचं, बाबा रे, हाच बदल आणखी कुठल्या शब्दांत दाखवतोस? उत्तर आलं तर चर्चा, नाहीतर चहा.

टॉल्किनने हे यंत्र उलटं फिरवलं. त्याने एल्फांसाठी आधी मूळ भाषा कल्पिली आणि ध्वनिनियम लावून तिच्या शाखा काढल्या. त्यातल्या दोन प्रमुख. क्वेन्यावर फिनिशची छाप, तर सिंदारिनची ध्वनिरचना वेल्शच्या वळणाची. मूळचा 'क्व' क्वेन्यात टिकतो, सिंदारिनमध्ये 'प' होतो, अगदी लॅटिन आणि वेल्शसारखा. क्वेन्यात शब्दाला 'क्वेत्ता' म्हणतात, सिंदारिनमध्ये 'पेथ'. हंस क्वेन्यात 'आल्क्वा'. सिंदारिनमध्ये 'ल'नंतर आलेला 'प' आणखी सैल होऊन 'आल्फ'. 'लॉर्ड ऑफ द रिंग्ज'मधल्या मोरिया या बुटक्यांच्या भूमिगत नगराच्या बंद दारावर 'पेदो मेल्लोन आ मिन्नो' असं कोरलेलं आहे, म्हणजे मित्र म्हण आणि आत ये. त्याच दारापुढे गँडाल्फ हा जादूगार म्हणतो, 'लास्तो बेथ लाम्मेन', माझ्या जिभेचा शब्द ऐक. 'पेदो'मध्ये क्वेत्ताचाच धातू आहे. 'बेथ' म्हणजे तोच पेथ, फक्त वाक्यात कर्म म्हणून आल्यावर 'प' मऊ होऊन 'ब' झालेला. वेल्श बोलणारे 'प'चा असा 'ब' दिवसभर करत असतात. कथेच्या ओघात हे कुणी समजावत बसत नाही. पण त्या जगातली नावं जुनी, वापरून गुळगुळीत झालेली वाटतात, ती यामुळे.

भाषा घरची, पण बराच कच्चा माल बाहेरचा, आणि तो कुठून आणला हे लपवलेलंही नाही. थोरिन, बिफुर, बोफुर, फिली, किली ही बुटक्यांची नावं जुन्या नॉर्स (म्हणजे जुन्या स्कँडिनेव्हियन) भाषेतल्या 'व्होलुस्पा' काव्यातल्या बुटक्यांच्या यादीतली, आणि गँडाल्फ हे नावही त्याच यादीतलं. 'बिओवुल्फ' या जुन्या इंग्रजी काव्यात एक जण झोपलेल्या ड्रॅगनच्या खजिन्यातून पेला चोरतो आणि चवताळलेला ड्रॅगन मुलूख जाळत सुटतो. 'हॉबिट' वाचलेल्यांना पुढचं सांगायला नको. तोवर विद्वान बिओवुल्फमधून इतिहास उकरत आणि राक्षसांबद्दल ओशाळत. नोव्हेंबर १९३६ मध्ये ब्रिटिश अकादमीपुढच्या भाषणात टॉल्किनने ठणकावलं की राक्षस हाच या काव्याचा गाभा आहे.

आणखी एक धागा आपल्या ओळखीच्या माणसाजवळून जातो. इंग्लंडातल्या लिडनी पार्क इथल्या रोमनकालीन देवळाचा उत्खनन अहवाल १९३२ मध्ये निघाला. त्यातल्या नोडेन्स या देवाच्या नावावर टॉल्किनचं टिपण आहे आणि त्यात तो आयरिश पुराणातल्या रुपेरी हाताच्या नुआदापर्यंत पोचतो. उत्खनन करणारे होते मॉर्टिमर व्हीलर, पुढे १९४४ मध्ये भारतीय पुरातत्त्व खात्याचे महासंचालक झालेले. पुण्याच्या डेक्कन कॉलेजातले पुरातत्त्वज्ञ ह. धी. सांकलिया यांनीही लंडनला शिकत असताना त्यांच्या हाताखाली उत्खननाचे धडे घेतले होते.

आता ड्रॅगन. ऋग्वेदातल्या पहिल्या मंडलाच्या ३२ व्या सूक्ताची सुरुवात इंद्राच्या पराक्रमांनी होते. 'यानि चकार' म्हणत लगेच 'अहन्नहिम्', त्याने सापाला मारलं. पारशांच्या अवेस्ता या धर्मग्रंथात थ्रएतओन हा वीर अझि दहाका या सापाला मारतो, तिथे शब्द आहेत 'जनत् अझीम्'. क्रियापद तेच, सापही तोच. मूळ धातूच्या सुरुवातीला 'घ्व' होता, म्हणजे मघाच्या 'क्व'चा सघोष महाप्राण भाऊ. 'ए'पुढे आला की संस्कृतात तो झिजत 'ह' झाला, म्हणून हन्ति, हत्या. नुसत्या 'न'पुढे 'घ' राहिला, म्हणून घ्नन्ति, कृतघ्न, शत्रुघ्न. ग्रीकमध्ये त्याच धातूपासून 'फोनोस', म्हणजे खून. आणि इंग्रजी, नॉर्स ज्यात येतात त्या जर्मानिक शाखेत, सगळे मानत नसले तरी कॅल्व्हर्ट वॉटकिन्ससारखे अभ्यासक मानतात त्याप्रमाणे, 'ब'. जुन्या नॉर्समध्ये थॉर या देवाला 'ओर्म्स एइनबानी' म्हटलंय, म्हणजे सापाला एकट्याने मारणारा. हा 'बानी' जुन्या इंग्रजीत 'बाना' आणि आजच्या इंग्रजीत 'बेन'. मोरियातल्या बॅलरॉग या राक्षसाला बुटके 'ड्युरिन्स बेन' म्हणतात, म्हणजे त्यांच्या ड्युरिन राजाचा मारेकरी. वॉटकिन्सचं म्हणणं खरं धरलं तर इंद्राच्या 'वृत्रहन्' (वृत्राला मारणारा) या नावातला हन् आणि हा बेन सख्खी भावंडं ठरतात. ऋग्वेदातून कुणी काही चोरायची गरजच नव्हती. दोन्ही घरांना ते एकाच आजोबांकडून आलेलं.

सगळी चांगली फँटसी भाषाशास्त्रातूनच येते असं नाही. अर्सुला ले ग्विनचे वडील आल्फ्रेड क्रोबर हे बर्कलीचे मानववंशशास्त्रज्ञ. १९६८ पासून आलेल्या तिच्या 'अर्थसी' मालिकेत राजवंशांपेक्षा बेटाबेटांवरच्या चालीरीतींना जास्त जागा आहे आणि नायक गोरा नाही. १९८५ मध्ये तर तिने भविष्यातल्या कॅलिफोर्नियातल्या 'केश' लोकांचा सबंध मानववंशशास्त्रीय अहवालच लिहिला, पाककृती आणि शब्दसंग्रहासकट. पुस्तकाच्या खोक्यात त्या लोकांच्या गाण्यांची कॅसेटही होती.