विष, पिंजरे आणि उघडा कचरा : उंदीर-नियंत्रणाची पार्श्वभूमी

प्लेगची साथ येण्याआधी घरात उंदीर मरून पडतात, हे लोक पिढ्यान्‌पिढ्या पाहत आले होते. १८९४ मध्ये हाँगकाँगच्या साथीत अलेक्झांडर यर्सिन यांना रुग्णांच्या गाठींत आणि मेलेल्या उंदरांत एकच जंतू सापडला. तो माणसापर्यंत पोहोचतो कसा, हे १८९८ मध्ये कराचीत पॉल-लुई सिमाँ यांनी दाखवलं. काचेच्या बरणीत पिसवांनी भरलेला आजारी उंदीर आणि त्याच्या वर, जाळीत टांगलेला निरोगी उंदीर. दोघांचा स्पर्शही झाला नाही, तरी काही दिवसांत वरचाही प्लेगने मेला. ही पिसवांची करामत कित्येक वर्षं कुणी फारशी मनावर घेतली नाही.

उंदराचं अंग थंड पडलं की पिसवा ते सोडून नवं रक्त शोधतात. म्हणून प्लेगच्या भागात आधी पिसवांवर कीटकनाशक आणि मगच उंदरांवर विष. हा क्रम चुकला तर माणसांनाच धोका वाढतो.

लेप्टोस्पायरोसिस या उंदरांमुळे पसरणाऱ्या आजाराला पिसूही लागत नाही. १९१५ च्या सुमारास जपानमध्ये इनाडा आणि इडो यांनी त्याचा जंतू ओळखला. तो उंदराच्या मूत्रपिंडात राहतो, उंदीर धडधाकट फिरतो आणि लघवीवाटे जंतू साचलेल्या पाण्यात सोडतो. पायाला ओरखडा असेल तर तेवढी वाट पुरते.

विषाचाही इतिहास फारसा यशाचा नाही. झिंक फॉस्फाइडसारखं जलद विष उंदीर आधी जरासं चाखतो. त्रास झाला आणि तो वाचला, तर पुन्हा त्या आमिषाला तोंड लावत नाही. त्यामुळे सुरुवातीचे काही दिवस बिनविषारी आमिष ठेवून सवय लावावी लागते. सावकाश मारणाऱ्या वॉरफरिनने ही अडचण सोडवली, पण १९५८ मध्ये स्कॉटलंडमध्ये त्यालाही न जुमानणारे उंदीर आढळले.

खरा धडा मिळाला तो १९४० च्या दशकात अमेरिकेतल्या बाल्टिमोर शहरात. संशोधक डेव्हिड डेव्हिस आणि सहकाऱ्यांना दिसलं, की उंदीर कितीही मारले तरी अन्न आणि आसरा तसाच असेल तर संख्या पुन्हा भरून येते. मादी तीनेक आठवड्यांत विते, मग दुसरं काय होणार!

मोठ्या उंदराला दिवसाला २५-३० ग्रॅम खाणं पुरतं. रात्री उघडी राहिलेली कचऱ्याची बादली किंवा कुत्र्याच्या भांड्यातलं उरलेलं अन्न म्हणजे आमंत्रणच. गळका नळ पाण्याची सोय करतो, भिंतीलगतची अडगळ बिळाची. भोकं फोमने बुजवू नयेत, तो सहज कुरतडला जातो. जाळी बसवून वर सिमेंट लावावं.