डिलिव्हरी मॅनेजर: एक हुद्दा, दोन घराणी

कोल्हापुरात बसून पुण्याच्या किंवा परदेशातल्या ग्राहकाचं सॉफ्टवेअर करणाऱ्या टीममध्ये ‘डिलिव्हरी मॅनेजर’ हा हुद्दा आता ओळखीचा आहे. या एका पाटीखाली दोन निराळी कामं चालतात आणि घोळ तिथूनच सुरू होतो.

पहिलं काम आपल्या सेवा कंपन्यांतलं, जुनं. अनेक प्रकल्पांचं बिलिंग, माणसांची नेमणूक, करारातल्या तारखा हे सगळं त्याच्याकडे.

दुसरं अजाइलमधलं, म्हणजे सॉफ्टवेअर छोट्या छोट्या टप्प्यांत करत आणि सुधारत नेण्याच्या पद्धतीतलं. फेब्रुवारी २००१ मध्ये अमेरिकेत यूटामधल्या स्नोबर्डला १७ जणांनी अजाइल जाहीरनामा लिहिला, त्यात हा हुद्दा नाही. स्क्रम या अजाइलच्या प्रचलित चौकटीतही प्रॉडक्ट ओनर, स्क्रम मास्टर आणि डेव्हलपर एवढेच. हे नाव रुजवण्यात मोठा वाटा ब्रिटनच्या गव्हर्नमेंट डिजिटल सर्व्हिस या सरकारी ऑनलाइन सेवांच्या विभागाचा, तो २०११ मध्ये सुरू झाला. सरकारी कामात मंजुरी, खरेदी, सुरक्षा तपासणी असे अडथळे टीमच्या बाहेरचे. ते हलवणारा आणि टीमच्या कामाचा ओघ राखणारा माणूस म्हणजे तिथला डिलिव्हरी मॅनेजर. बिलिंग हे त्याचं मुख्य काम नव्हे.

ओघ म्हणजे काय, हे शिरोलीच्या फाउंड्रीत पटकन कळतं. ओतकाम जोरात आणि फेटलिंगला, म्हणजे ओतलेले भाग साफ करायला, माणसं कमी, की कास्टिंगचे ढीग लागतात. मग भट्टी आणखी पेटवून माल लवकर जात नाही, ढीगच वाढतो. जॉन लिटल यांनी १९६१ मध्ये याचं गणित सिद्ध केलं: चालू कामांना आठवड्याला पुऱ्या होणाऱ्या कामांनी भागलं की एका कामाला लागणारे सरासरी आठवडे मिळतात. हातात १२ कामं, आठवड्याला ४ पुरी, म्हणजे ३ आठवडे. वेग तोच ठेवून २० कामं उघडली तर ५ आठवडे.

म्हणून कामांची कार्डं लावलेल्या टीमच्या बोर्डावर प्रत्येक टप्प्यात एकावेळी किती कामं, याला मर्यादा हवी आणि अडकलेल्या कार्डावर ते कधीपासून अडकलंय ती तारीख हवी. तारीख नसली की ‘ग्राहकाकडून उत्तर यायचंय’ हे वाक्य रोजच्या स्टँडअपमध्ये, म्हणजे टीमच्या छोट्या बैठकीत, पंधरा दिवस तसंच ऐकू येतं.

दोन्ही कामं एकाच माणसाकडे दिली की बहुतेक वेळा बिलिंग जिंकतं. कुणी रिकामं दिसू नये म्हणून नवी कामं उघडली जातात आणि १२ ची २० होतात. या पदाची जाहिरात आली तर मुलाखतीतच विचारून घ्यावं: नवं काम थांबवण्याचा अधिकार मला असेल का?