कीड नावाचा किडा नसतो

दोन महिन्यांपूर्वी मावसबहिणीचा फोन आला. "दादा, सहा दात किडलेत म्हणे माझे. सगळे भरायचे, आणि त्यातल्या दोघांना रूट कॅनालही लागेल असं सांगितलंय. पण मला तर काहीच दुखत नाही!" वर्षभरापूर्वी तिने दुसरीकडे दात दाखवले होते, तेव्हा एका दाढेवर लक्ष ठेवायला सांगितलं होतं. बाकी सगळं ठीक होतं. एका वर्षात पाच नवे दात किडतात का? तिच्या या प्रश्नासाठी मी वाचायला बसलो आणि दाताच्या वरच्या दोन मिलिमीटरच्या थरात इतकं सुंदर विज्ञान भरलेलं आहे हे पाहून तिथेच रमलो.

आधी शब्दाचा घोटाळा दूर करू. आपण म्हणतो, दाताला कीड लागली. धान्याला लागते, पानाला लागते, तशीच दाताला. त्यामुळे डोळ्यांसमोर आत बसून पोखरणारा एक जीव उभा राहतो. आज नाही काढला तर उद्या शेजारच्या दातात शिरेल, अशी धास्ती वाटते. ही कल्पना फार जुनी आहे. मेसोपोटेमियातल्या मातीच्या विटांवरही दातातल्या किड्याचा उल्लेख सापडतो. पुढे कित्येक शतकं खुरासानी ओव्याच्या बिया निखाऱ्यावर टाकून तोंडाला धूर द्यायचा आणि खाली पडलेले 'किडे' रुग्णाला दाखवायचे, हा धंदा चालला. ते किडे म्हणजे उष्णतेने फुटलेल्या बियांतले कोंब असत. फ्रान्सचे दंतवैद्य पिएर फोशार यांनी १७२८ मध्येच किड्याच्या या समजुतीवर शंका घेतली होती. तरीही दातातून किडे काढून दाखवणारे लोक अजून आहेत, आणि ती निव्वळ फसवणूक आहे. या जुन्या भीतीचा उपयोग मात्र आजच्या चकचकीत दवाखान्यातही होऊ शकतो. "कीड आहे, लगेच काढायला हवी" हे वाक्य ऐकलं की आपण पुढचा प्रश्नच विचारत नाही.

खरं काय घडतं हे विलोबी मिलर या दंतवैद्यांनी १८९० मध्ये मांडलं. तोंडातले जिवाणू साखर आणि पिठूळ पदार्थ खाऊन आम्ल तयार करतात आणि ते आम्ल दात विरघळवतं. म्हणजे कीड हा प्राणी नाही, ती एक रासायनिक प्रक्रिया आहे. आणि महत्त्वाचं म्हणजे ही प्रक्रिया दोन्ही दिशांनी चालते.

दाताचं वरचं कवच, म्हणजे एनॅमल, वजनाने सुमारे ९६ टक्के खनिज असतं. हे खनिज म्हणजे कॅल्शियम आणि फॉस्फेटचे स्फटिक, हायड्रॉक्सीॲपेटाइट. त्यात एकही जिवंत पेशी नसते. ते घडवणाऱ्या पेशी दात हिरडीतून बाहेर येताना संपून जातात. मग मोडलेलं हाड जसं जुळतं तसा दात जुळणार कसा? ते काम लाळ करते. लाळेत कॅल्शियम आणि फॉस्फेट इतकं भरपूर विरघळलेलं असतं की संधी मिळताच ते स्फटिकांवर जाऊन बसतं. काही खाल्लं की दातावरच्या किटणाचा, म्हणजे जिवाणूंच्या चिकट थराचा, पीएच काही मिनिटांत घसरतो (पीएच हे आम्लतेचं माप, आकडा जितका कमी तितकं आम्ल तीव्र). तो साधारण ५.५ च्या खाली गेला की एनॅमल विरघळू लागतं. अर्ध्या-एक तासात लाळ ते आम्ल धुऊन निष्प्रभ करते, पीएच वर येतो आणि खनिज परत बसू लागतं. फ्लोराइड हजर असेल तर नवे स्फटिक जास्त चिवट बनतात, ते विरघळायला पीएच ४.५ च्या आसपास यावा लागतो. हा जमाखर्च दिवसातून अनेकदा चालतो. तो महिनोन् महिने तोट्यात राहिला, तरच दातावर खूण उमटते.

ती पहिली खूण म्हणजे पांढरा डाग, आणि मला खरं सांगायचंय ते याच डागाबद्दल.

आम्लाने दात वरून झिजत जाईल असं वाटतं, पण तसं होत नाही. आतून विरघळलेलं कॅल्शियम आणि फॉस्फेट बाहेर पडता पडता अगदी वरच्या थरात पुन्हा जमा होतं. त्यामुळे वर काही दशांश मिलिमीटरहूनही पातळ असं एक झाकण शाबूत राहतं आणि त्याच्या खालचा भाग सच्छिद्र होतो. भोक कुठेच नसतं. मग तो भाग पांढरा का दिसतो?

कागदावर तेलाचा थेंब पडला की कागद तिथे अर्धपारदर्शक होतो. कोरड्या कागदात तंतूंच्या मधे हवा असते. तंतू आणि हवा यांच्या प्रत्येक सीमेवर प्रकाश थोडा परावर्तित होतो. अशा हजारो सीमांवर आपटून तो सगळीकडे विखुरतो आणि कागद पांढरा दिसतो. तेलाने हवेची जागा घेतली की तंतू आणि तेल यांचा अपवर्तनांक, म्हणजे प्रकाशाला वाकवण्याच्या क्षमतेचं माप, जवळपास सारखा असल्यामुळे प्रकाशाला सीमा फारशा जाणवतच नाहीत, तो सरळ आरपार जातो. दातातही हेच होतं. एनॅमलचा अपवर्तनांक १.६२, पाण्याचा १.३३ आणि हवेचा १. दोन माध्यमांच्या सीमेवर सरळ पडणारा किती प्रकाश परत फिरेल, हे त्यांच्या अपवर्तनांकांच्या फरकाला बेरजेने भागून आणि आलेल्या संख्येचा वर्ग करून काढता येतं. एनॅमल आणि पाण्यासाठी ते येतं सुमारे १ टक्का. एनॅमल आणि हवेसाठी सुमारे ५.६ टक्के, म्हणजे जवळजवळ सहापट.

आता गंमत पाहा. लाळेने ओल्या दातातली छिद्रं पाण्याने भरलेली असतात, त्यामुळे थोडीशी सच्छिद्रता डोळ्यांना दिसतच नाही. दंतवैद्याने हवेचा झोत मारून दात पाच सेकंद वाळवला की छिद्रांत हवा शिरते, सहापट परावर्तन होतं आणि डाग उजळून वर येतो. वाळवल्यावरच दिसणारा डाग उथळ असतो, साधारणपणे एनॅमलच्या बाहेरच्या अर्ध्या भागातच. ओल्या दातावरही दिसणारा डाग जास्त खोल गेलेला असतो, कारण तिथे छिद्रं इतकी आहेत की पाण्याचा तो १ टक्काही पुरेसा ठरतो. कसलंही महागडं यंत्र न वापरता, फक्त फुंकर मारून खोलीचा अंदाज येतो! जगभर वापरल्या जाणाऱ्या एका वर्गीकरणात पहिल्या आणि दुसऱ्या पायरीतला फरक नेमका हाच आहे.

झाकण शाबूत आहे तोवर ब्रश, फ्लोराइडची पेस्ट, फ्लोराइडचं वार्निश आणि वारंवार गोड खाण्याला आळा एवढ्यावर डाग थांबवता येतो. तो नेहमी पुसला जाईलच असं नाही. खरखरीत, निस्तेज पांढरा डाग चालू प्रक्रियेची खूण असतो. तोच गुळगुळीत, चमकदार, कधी तपकिरी झाला, तर प्रक्रिया थांबलेली असते. दाढेच्या खाचेतली काळपट रेघ पाहून आपण घाबरतो, पण कित्येकदा ती थांबलेल्या जुन्या लढाईची नुसती खूण असते. तिथे ड्रिल लावणं म्हणजे बरी झालेली जखम पुन्हा उघडणं. टोकदार सळई खाचेत दाबून "बघा, अडकते" असं दाखवणंही पुरावा मानता येत नाही. निरोगी अरुंद खाचेतही ती अडकते, आणि नाजूक झाकणावर दाबली तर तेच मोडू शकते.

ड्रिलबद्दल मी एवढा हळवा का आहे? भरलेला दात हा काही पहिल्यासारखा झालेला दात नसतो. फिलिंगला आयुष्य असतं. ते बदलताना भोवतीचा थोडा चांगला दातही जातो, पुढचं फिलिंग आधीच्याहून मोठं होतं, मग कधीतरी कॅप, कधीतरी रूट कॅनाल. या उतरणीवर पहिलं पाऊल जितकं उशिरा पडेल तितकं बरं. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला अमेरिकी दंतवैद्य जी. व्ही. ब्लॅक यांनी शिकवलं होतं की पुढे कीड लागू नये म्हणून शेजारचा चांगला भागही कोरून भरावा. त्यांच्या काळात, फ्लोराइडच्या पेस्टआधी, त्याला अर्थ होता. पण दात दिसला की कोरायचा ही सवय अनेक पिढ्यांच्या शिक्षणात मुरली, त्यामुळे जास्त उपचार सांगणारा प्रत्येक दंतवैद्य लबाड असतो असं मी मुळीच मानत नाही.

एक्स-रेचंही तसंच. दोन दातांच्या मधली कीड शोधायला तो हवाच. पण साधारण ३० ते ४० टक्के खनिज गेल्याशिवाय एक्स-रेवर काही उमटत नाही, आणि उलट बाजूने, जे नाही तेही कधीकधी दिसतं. दाताच्या मानेपाशी एनॅमल आणि हाड या दोन्हींच्या मधला भाग किरण जास्त आरपार सोडतो. तिथे पडणारी काळी सावली हुबेहूब किडीसारखी दिसते.

यात थोडं गणित मिसळू. अक्कलदाढा सोडून आपले दात २८. मागच्या १६ दातांचे प्रत्येकी पाच पृष्ठभाग आणि पुढच्या १२ चे चार धरले, तर एकूण १२८. समजा त्यातले तीनच खरोखर किडलेत, आणि तपासणारा माणूस किंवा यंत्र निरोगी पृष्ठभागाला १०० पैकी पाचच वेळा चुकून किडका म्हणतं. हे चांगलंच अचूक वाटतं ना? पण १२५ निरोगी पृष्ठभागांचे पाच टक्के म्हणजे सहा. तिन्ही खऱ्या किडी सापडल्या असं धरलं तरी यादीत नऊ जागा येतील आणि त्यातल्या सहा खोट्या असतील. कोणीही खोटं न बोलता! म्हणून किडीचा अंदाज आकड्यात सांगणाऱ्या लेसरच्या यंत्राने "तुमचा आकडा जास्त आला" एवढ्यावर ड्रिल उचलू देऊ नये. नुसत्या डाग पडलेल्या खाचाही त्या यंत्रावर मोठा आकडा देतात.

अर्थात, सगळं प्रामाणिक चुकांच्या खात्यावर टाकून चालणार नाही. डार्बी आणि कार्नी या अर्थशास्त्रज्ञांनी १९७३ मध्ये अशा सेवांचा विचार केला, ज्यांची गरज होती की नव्हती हे ग्राहकाला सेवा घेतल्यावरही कळत नाही. निरोगी दात भरला तर तो नंतर दुखत नाही, आणि आपण उलट आभार मानतो. झुरिकमध्ये संशोधकांनी हे प्रत्यक्ष तपासलं. उपचाराची गरज नसलेली उथळ कीड असलेल्या एका रुग्णाला त्यांनी १८० दंतवैद्यांकडे पाठवलं. २८ टक्के भेटींमध्ये अनावश्यक उपचार सुचवले गेले. ज्यांच्याकडे लवकर वेळ मिळत होती, म्हणजे ज्यांची खुर्ची रिकामी राहत होती, त्यांच्याकडे हे प्रमाण जास्त होतं. दात कोरण्याचे पैसे मिळतात आणि "आत्ता काही करू नका, सहा महिन्यांनी बघू" असं सांगण्याचे मिळत नाहीत, तोवर हे घडत राहणार.

इतर काही सल्ल्यांनाही हीच कसोटी लावावी. त्रास न देणारी, निरोगी अडकलेली अक्कलदाढ केवळ खबरदारी म्हणून काढू नये, असं ब्रिटनच्या 'नाइस' या संस्थेने २००० मध्येच सांगितलं. सुस्थितीतली चांदीची (म्हणजे पारा मिसळलेल्या मिश्रधातूची) जुनी फिलिंग वैद्यकीय कारणाशिवाय काढू नयेत, हा अमेरिकेच्या औषध प्रशासनाचा २०२० मधला सल्ला आहे, कारण काढतानाच पाऱ्याची वाफ जास्त सुटते. दर सहा महिन्यांनी तपासणी हवीच का, हा प्रश्न ब्रिटनमधले दंतसंशोधक ऑब्री शायहॅम यांनी १९७७ मध्ये विचारला होता. पुढे ब्रिटनमध्ये प्रौढांवर चार वर्षं चाचणी झाली. सहा महिन्यांनी येणारे आणि ज्याच्या त्याच्या धोक्यानुसार ठरवलेल्या अंतराने येणारे, यांच्या दातांत दखल घेण्याजोगा फरक पडला नाही.

उलट बाजूही तितक्याच ठामपणे सांगायला हवी. रात्री ठणकणारी दाढ, गरम लागल्यावर बराच वेळ न थांबणारी कळ, सूज, ताप, पू, किंवा झाकण फुटून पडलेला खड्डा यांत वाट पाहणं धोक्याचं आहे. खड्ड्यातलं किटण ब्रशने निघत नाही, तिथे फिलिंग हाच योग्य उपचार. कोळशाच्या पुडीने किंवा तेलाच्या गुळण्यांनी खड्डा भरून येतो असं सांगणारे लोक दंतवैद्यापेक्षा जास्त नुकसान करतात.

बहिणीला मी चारच प्रश्न लिहून दिले. डाग कुठे आहे ते मला आरशात किंवा फोटोत दाखवाल का? वरचा थर फुटलाय की शाबूत आहे? प्रक्रिया चालू आहे की थांबलेली? सहा महिने थांबलो तर काय होईल? आणि सोबत स्वतःच्या एक्स-रेची प्रत मागून घे म्हटलं, आणि ती घेऊन दुसऱ्या दंतवैद्याकडे जा. त्यांना आधीची यादी मात्र सुरुवातीला दाखवू नकोस, आकडा ऐकला की नजर तोच शोधू लागते.

या दुसऱ्या बाईंनी आधी दात स्वच्छ केले, मग एकेक वाळवून पाहिला. जिच्यावर लक्ष ठेवायचं होतं त्या दाढेत खरोखर खड्डा पडला होता, ती भरली. दोन दाढांच्या खाचांत नुसती काळपट, टणक रेघ होती. एक 'कीड' म्हणजे मानेपाशी पडलेली सावली निघाली. रूट कॅनाल कुठेच लागलं नाही. उरले दोन पांढरे डाग. एक फक्त वाळवल्यावर दिसला, त्यावर वार्निश लावलं. दुसरा ओला असतानाही दिसत होता. त्याच्याबद्दल बाई म्हणाल्या, "हा थांबेल की फुटेल ते मी आज सांगू शकत नाही. वार्निश लावते, फोटो काढून ठेवते, तीन महिन्यांनी या." ती तारीख पुढच्या महिन्यात आहे.